लाल चेहऱ्यावर लाल उजेड

पत्राचा सारांश: इंदूरच्या एक ताई लिहितात की त्यांचं वय ४४ आहे आणि चार-पाच वर्षांपासून गाल आणि नाक लाल राहतं. ओट्याशी अर्धा तास उभं राहिलं, उन्हातून आलं किंवा कढत चहा घेतला की चेहरा पेटल्यासारखा होतो. नवीन क्रीम एकही सोसत नाही. कॉलनीतल्या मेडिकलवाल्याने दिलेली एक ट्यूब मात्र दोन वर्षं रात्री लावत होत्या, तिने चेहरा ‘शांत आणि उजळ’ राहायचा. दिरांनी अमेरिकेहून सात रंगांचा एलईडी मास्क आणला, म्हणजे आतल्या बारीक दिव्यांनी चेहऱ्यावर उजेड टाकणारा मुखवटा. उजेड म्हणजे काही औषध नव्हे, त्याने अपाय कसला, असा विचार करून ताईंनी त्याच दिवशी ट्यूब बंद केली आणि रोज रात्री २० मिनिटं मास्क लावायला घेतला. कधी लाल, कधी पिवळा, कधी जांभळा. नवव्या दिवशी गाल सुजल्यासारखे लाल झाले, बारीक पुळ्या आल्या, पाणीसुद्धा झोंबायला लागलं. जाऊबाई म्हणतात, मास्क सोड, कंबर शेकायचा लाल दिवा आहे ना घरात, तोच लाव. भाचीचं लग्न दहा आठवड्यांवर आलंय. मास्क चालू ठेवावा, बंद करावा की दुसरा घ्यावा?

ताई, सगळ्यात आधी तो शेकायचा दिवा. तो चेहऱ्यापाशी आणूसुद्धा नका. त्याची काच लाल असली तरी आत तारेचा, साधारण १५० वॉटचा बल्ब असतो आणि त्याचं काम एकच, उष्णता देणं. कंबरेच्या स्नायूला ती बरी वाटते. तुमच्या गालाला तीच उष्णता गॅसच्या शेगडीइतकी नकोशी आहे. एलईडी मास्कमधला लाल उजेड हा वेगळा प्रकार आहे: ठरावीक तरंगलांबीचा आणि त्वचा तापणार नाही इतका मंद. दोघांचा रंग सारखा म्हणून गल्लत होते. जाऊबाईंचा हेतू चांगला आहे, एवढंच म्हणते.

आता तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले: ‘त्याच दिवशी ट्यूब बंद केली.’ तुम्ही सगळा आळ मास्कवर घेताय. पण त्या दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या. ती ट्यूब कचऱ्यात गेली नसेल तर काढा आणि बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव असेल तर ते स्टेरॉईड आहे. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी नावं दिसली तर ते तीन औषधांचं मिश्रण आहे. डॉक्टर ते वांगासाठी मोजके आठवडे देतात, दुकानांतून मात्र ते गोरेपणाचं क्रीम म्हणून सर्रास खपतं. २०१८ मध्ये सरकारने असली बरीच स्टेरॉईड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला-मला ठाऊकच आहे.

असं क्रीम दोन वर्षं चेहऱ्यावर राहिलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या वर दिसू लागतात आणि त्वचेला त्या क्रीमची सवय लागते. क्रीम असेपर्यंत सगळं शांत. एकदम थांबवलं की काही दिवसांत ते लाल होऊन, आग होऊन, पुळ्या येऊन उसळतं. हा उसळा कित्येक आठवडे टिकू शकतो. तुम्ही वर्णन केलेला नववा दिवस या गोष्टीत अगदी बसतो.

म्हणजे मास्क निर्दोष, असंही नाही. कशाने काय झालं हे वेळेवरून बरंचसं ओळखता येतं. मास्कच्या उष्णतेने आलेली लाली मास्क काढता काढताच दिसते आणि दोन-चार तासांत उतरते. मास्कच्या रबरासारख्या सिलिकॉनने किंवा त्यावर राहिलेल्या साबणाने त्वचा चिडली असेल तर खुणा टेकणाऱ्या जागी उमटतात: नाकाचा दांडा, गालाचं हाड, कपाळाची कड. आणि ट्यूब सोडल्याचा उसळा सकाळ-संध्याकाळ सारखाच असतो, रोज थोडा वाढतो आणि जिथे जिथे ट्यूब लावत होतात तिथेच असतो. मास्क हनुवटीवरही होता, ट्यूब तिथे लावत नव्हतात आणि हनुवटी ठीक आहे, असं असेल तर उत्तर जवळपास मिळालंच.

तेव्हा दुसरा मास्क घ्यावा का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि ती ट्यूब सोबत न्या. खाजगी फी परवडत नसेल तर एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात दाखवा. तिथे रांग आहे, सकाळी लवकर जा. ‘मी इतक्या तारखेला ही एकदम बंद केली’ हे वाक्य लाजू नका, पहिल्यांदा सांगा. स्टेरॉईड पुन्हा हळूहळू कमी करत सोडायचं की सरळ बंदच ठेवायचं, हे ट्यूबच्या ताकदीवर ठरतं आणि ते घरी ठरवायचं काम नव्हे.

दुसरं म्हणजे ही लाली नेमकी कसली, हेच अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून रोझेशियाची शंका येते, म्हणजे चेहरा वरचेवर लाल होण्याचा, आग होण्याचा जुनाट त्वचाविकार. आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगावर तो पुस्तकातल्या फोटोसारखा गुलाबी दिसत नाही. तांबूस-तपकिरी छटा, गरमपणा आणि चुरचुर एवढंच जाणवतं, त्यामुळे बरीच वर्षं ‘ॲलर्जी असेल’ म्हणून निघून जातात. पण नाकाच्या बाजूच्या घड्यांत आणि भुवयांत पिवळट खपल्या असतील तर तो कोंड्याचा भाऊबंद, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. आणि लाली फुलपाखरासारखी पसरली आहे, उन्हाने वाढते, सोबत सांधे दुखतात, तोंडात फोड येतात, थकवा आहे, असं असेल तर ल्यूपसची (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) तपासणी झाल्याशिवाय कुठलाही उजेड चेहऱ्यावर घ्यायचा नाही. अपस्माराचा त्रास असेल, उजेडाने अर्धशिशी उठत असेल किंवा अंगावर उन्हाची रिॲक्शन आणणारं औषध चालू असेल तरी हेच. रोझेशियासाठी दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन त्याच यादीतलं आहे. गोळी चालू झाली तर मास्कचं डॉक्टरांना विचारूनच.

डोळ्यांचंही बघा. रोझेशिया पुष्कळदा पापण्यांत शिरतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, कडा लाल राहतात. अशा डोळ्यांसमोर रोज तेजस्वी दिवे लावायच्या आधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलेलं बरं, रेटिनाचा काही आजार असेल तर नक्कीच. २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने आपला घरगुती लाइट मास्क डोळ्यांच्या काळजीपोटी स्वतःहून बाजारातून परत घेतला होता. मास्कसोबत डोळे झाकायच्या वाट्या आल्या असतील तर त्या शोभेच्या नाहीत.

हे सगळं झालं, त्वचा निवली, पाणी झोंबायचं थांबलं आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, मग मास्क कपाटातून काढा. सध्या तरी तो बंद.

उजेडाने अपाय कसला, या तुमच्या समजुतीबद्दल बोलू. ज्या गोष्टीचा त्वचेवर परिणाम होतो तिची मात्रा असते आणि मात्रा चुकू शकते. लाल उजेड पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागावर काम करतो असं मानलं जातं, आणि इथला अनुभव खतासारखा आहे: थोड्याने रोप तरारतं, जास्तीने फायदा आटतो, कधी उलटाही होतो. म्हणून मिनिटं मोजण्यापेक्षा मात्रा मोजा. मास्कच्या पुस्तिकेत ‘मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर’ असा आकडा शोधा. समजा तो ४० आहे. तुमची २० मिनिटं म्हणजे १२०० सेकंद. ४० गुणिले १२०० झाले ४८,००० मिलिज्यूल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४८ ज्यूल. तेही रोज, तेही भडकलेल्या त्वचेवर. त्याच मास्कवर ४ मिनिटं घेतली तर होतात साडेनऊ ज्यूल. तुमच्यासारख्या त्वचेने सुरुवातीला १० च्या आतच राहावं. पुस्तिकेत आकडाच नसेल तर मास्क फार मंदही असू शकतो आणि फार तीव्रही. ऑनलाइन जाहिरातीत १०० च्या वरचे आकडे दिसले तर हुरळून जाऊ नका, साध्या सोलर मीटरने मोजलेला आकडा हमखास फुगलेला असतो.

सात रंगांपैकी तुमच्या कामाचा एकच, लाल, ६३० ते ६६० नॅनोमीटर (तरंगलांबीचं माप) च्या आसपासचा. सोबत ८३० च्या जवळचा इन्फ्रारेड असेल तर चालेल, पण तो सुरुवातीला बंद ठेवता आला तर ठेवा. निळा (४१५ च्या आसपास) मुरमांच्या जंतूंसाठी वापरतात. आपल्या रंगाच्या त्वचेवर निळा उजेड काळे डाग आणू शकतो, वांग असेल तर ते गडद करू शकतो. तुम्ही जो जांभळा लावलात तो लाल आणि निळा एकत्र लावून केलेला असतो, म्हणजे नकळत निळा घेतलाच. पिवळ्याची गंमत वेगळीच आहे. लालीसाठी काही दवाखान्यांत ५९० नॅनोमीटरचा पिवळा वापरतात. स्वस्त सात रंगी मास्कमध्ये मात्र ५९० चा दिवाच नसतो. एकाच ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन कण असतात. लाल-हिरवा एकदम पेटवला की डोळ्याला पिवळा दिसतो. त्वचेवर पडतो तो लाल आणि हिरवाच. दिवे बंद असताना फोनने एखाद्या ठिपक्याचा जवळून फोटो काढून मोठा करून बघा, तीन कण दिसले की समजायचं.

इन्फ्रारेड आहे असा दावा असेल तर तोही घरी तपासता येतो. डोळ्याला तो दिसत नाही, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा दिसतो. आधी टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर दाबून बघा. टोकाशी फिकट जांभळा ठिपका दिसला तर तुमचा कॅमेरा या कामाचा आहे. मग मास्क फक्त इन्फ्रारेडवर लावून त्याच कॅमेऱ्यातून पाहा. काहीच चमकलं नाही तर पुस्तिकेतल्या त्या ओळीवर काट मारा. आणि मास्क अमेरिकेचा आहे, म्हणून ॲडॉप्टरवर इनपुट १००–२४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघा. नुसतं ११०–१२० असेल तर आपल्या २३० ला तो टिकणार नाही, तापून वास येईल.

आता खरी मेख, उष्णता. मऊ सिलिकॉनचा मास्क चेहऱ्याला चिकटून बसतो, आत हवा फिरत नाही, घाम धरतो, आणि दिव्यांची थोडीफार ऊब त्यात साठते. मुरमांच्या किंवा सुरकुत्यांच्या त्वचेला त्याचं काही वाटत नाही. तुमच्या त्वचेला वाटतं, कारण उष्णता हाच तिचा कळीचा त्रास आहे. मास्क आधी हाताच्या आतल्या बाजूला १० मिनिटं चालू ठेवून बघा. काढल्यावर ती जागा दुसऱ्या हातापेक्षा गरम लागली तर चेहऱ्यावर तो १० मिनिटं चालणार नाही. पंख्याखाली बसा, स्वयंपाक उरकल्यावर लगेच नको, आंघोळीनंतरही लगेच नको. मे महिन्यात, इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, सकाळी सहा-सातला घ्या किंवा सरळ सुट्टी द्या. मास्क गार करायला फ्रीजमध्ये ठेवायची युक्ती बरेच जण सांगतात. ती करू नका, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं आणि आत विजेचे भाग असतात. पुढे कधी दुसरं यंत्र घ्यायचं ठरलंच तर माझं मत मास्कपेक्षा टेबलावर ठेवायच्या छोट्या पॅनेलकडे झुकतं: चेहरा आणि दिवे यांत वीतभर अंतर, मधे वारा. त्यासोबत गडद गॉगल मात्र लागतोच.

सुरुवात कशी करायची ते सांगते. पहिल्या दिवशी पूर्ण चेहरा नाही. कानाखाली, जबड्याच्या कडेला एका बाजूला २ मिनिटं, बाकी मास्कखाली सुती कापडाची घडी. ४८ तास थांबा. काही नाही झालं तर पूर्ण चेहऱ्याला ३ मिनिटं, आठवड्यात दोनदा, मधे किमान दोन दिवस. दोन आठवडे असंच. मग ५ मिनिटं, अजून दोन आठवड्यांनी आठवड्यात तीनदा. १० मिनिटांच्या पुढे जायची गरज मला दिसत नाही. काढल्यावरची लाली तासाभराने उरली असेल तर पुढच्या वेळी वेळ निम्मी करा. दुसऱ्या दिवशी सकाळीही असेल तर आठवडाभर बंद. या काळात दुसरं काहीही नवीन सुरू करायचं नाही, नाहीतर परत कशाने काय झालं ते कळणार नाही. तुमचं एकदा झालंय ते.

लावायच्या आधी चेहरा सौम्य, बिनवासाच्या फेसवॉशने धुवा, कोमट किंवा साध्या पाण्याने, आणि टॉवेलने टिपा, घासू नका. घरात बोअरिंगचं जड पाणी असेल तर चेहऱ्यापुरतं नळाला येणारं नर्मदेचं पाणी भरून ठेवून वापरा. जड पाण्यात साबणाचा थर त्वचेवर राहतो आणि तोच चुरचुरतो. चेहरा कोरडा आणि रिकामा हवा: तेल नाही, सीरम नाही, रेटिनॉल आणि ॲसिडवाली क्रीमं तर नाहीतच. डाळीचं पीठ, हळद आणि लिंबाचा लेप या त्वचेला कायमचा बंद. पीठ घासलं जातं आणि लिंबू इतकं आंबट असतं की आधीच चिडलेली त्वचा आणखी चिडते. झाल्यावर सिरॅमाइड (त्वचेत मुळात असणारा स्निग्ध घटक) असलेलं साधं मॉइश्चरायझर. मास्कची आतली बाजू दर वेळी ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या. नाकाच्या घडीत फेसवॉशचा अंश राहिला की पुढच्या वेळी तिथेच लाल होतं.

फरक पडतोय का हे आरशाला विचारू नका. दर रविवारी सकाळी एकाच खिडकीपाशी, चहाच्या आधी, फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने, फिल्टर न लावता तीन फोटो काढा: समोरून आणि दोन्ही बाजूंनी. वहीत रोज आग किती झाली ते शून्य ते पाच मध्ये लिहा. आठ आठवड्यांनी पहिला फोटो आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवा. बारा आठवड्यांत काहीच फरक नाही तर मास्क भाचीला देऊन टाका, तिला मुरमं येत असतील तर कदाचित उपयोग होईल.

कारण अपेक्षाही जमिनीवर हवी. रोझेशियावर लाल उजेडाचा पुरावा थोडासा आणि लहान गटांवरचा आहे. होतो तो फायदा बहुधा चुरचुर कमी होणं, उसळलेली लाली लवकर बसणं, असा. गालावर दिसणाऱ्या लाल रेघा, म्हणजे रुंदावलेल्या रक्तवाहिन्या, मास्कने जात नाहीत. त्यांना दवाखान्यातला लेसर किंवा आयपीएल (तीव्र उजेडाचे झोत) लागतं आणि आपल्या रंगावर ते अनुभवी हातानेच करायचं असतं. पुळ्यांना मेट्रोनिडाझोल, आयव्हरमेक्टिन किंवा अझेलेइक ॲसिडची लावायची औषधं आहेत, त्यांची पारख मास्कपेक्षा कितीतरी जास्त झालेली आहे. खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर मी डॉक्टर, औषध आणि सनस्क्रीन घेईन, मास्क शेवटी. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, आणि वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं; दोन बोटांच्या लांबीइतकं, चेहरा आणि मान मिळून.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. सगळं तोडलं तर चार दिवसांत कंटाळाल. चहा सोडायची गरज नाही, कढत पिऊ नका. त्रास त्याच्या गरमपणाचा आहे, पत्तीचा नाही. पोह्यांवर जिरावण (आपला चटकदार मसाला) चिमूटभर कमी घाला आणि वहीत बघा फरक पडतो का. थंडीतला गराडू, तो तळलेला कंद, मात्र दोन्हीकडून मारतो, कढईतून निघालेला आणि वर तिखट मसाला. निववून, मसाला झटकून दोन फोडी.

लग्नाचं. दहा आठवड्यांपैकी पहिले तीन-चार चेहरा शांत करण्यातच जाणार आहेत, त्यामुळे मास्कने लग्नापर्यंत काही जादू होईल हे डोक्यातून काढा. शेवटचे दोन आठवडे नवीन काहीही नको: पार्लरची वाफ नको, ब्लीच नको, फेशियल नको. मास्क तोवर नीट सोसत असेल तर आहे त्या मात्रेवर ठेवा, वाढवू नका. मेकअपवालीला तुमचंच मॉइश्चरायझर आणि तुमचंच फाउंडेशन द्या, हिरवट कन्सीलर लालीवर फक्त टिपून, आणि त्याची तालीम पंधरा दिवस आधी एका गालावर करून बघा. हळदीला मामी म्हणून तुम्हालाही कोणी ना कोणी धरून माखणारच. तेव्हा आधीच गालांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या आणि हळद हातावर घ्या. मार्चमध्ये रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याकडे जाणार असाल तर आदल्या तीन आणि नंतरच्या चार दिवसांत मास्क लावू नका, रंगाने सोललेल्या त्वचेवर मंद उजेडही झोंबतो.

आणि मेडिकलवाल्याकडून ती ट्यूब परत आणायचा मोह होईल, साधारण तिसऱ्या आठवड्यात, लग्न जवळ दिसायला लागल्यावर. ती लावून दोन दिवसांत चेहरा निवळेलही. पण तो मोह झाला तर दुकानात जायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. सूज खरंच सोसत नसेल तर त्यांच्याकडे स्टेरॉईड नसलेली मलमं आहेत.